आधी खाच, मग बिट, मग मशीन

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. भाचीचा फोन आला. "मामा, खाच एका टोकाला सहा मिलिमीटर खोल आहे आणि दुसऱ्या टोकाला नऊच्या पुढे गेलीय. मधे मी मशीनच्या सेटिंगला हातही लावला नाही. उद्या येशील का?"

मी ठाण्यात चरईला राहतो, तिची कामाची खोली घणसोलीत. ट्रान्स-हार्बरची गाडी मिळाली की अर्ध्या तासाच्या आत पोहोचतो. वागळे इस्टेटमधल्या एका ओतकाम कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये मी ३१ वर्षं लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात ते नमुने, केले, त्यामुळे नात्यात लाकडाचं काही अडलं की फोन माझ्याकडे येतो. निघताना व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं हत्यार) आणि डायल गेज (थरथर मोजणारं सुईचं माप) पिशवीत टाकले.

तिचं प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण हीच गफलत मी आणखी चार-पाच होतकरू मुलांच्या हातून झालेली पाहिली आहे. आधी लाकडात खाच पाडणारं मशीन, म्हणजे राऊटर किंवा त्याचा लहान भाऊ ट्रिमर, येतं, मशीनबरोबर त्यात बसवायच्या कापणाऱ्या बिटांचा डबा येतो, आणि मग त्या डब्यातल्या बिटांनी जमेल तसं काम रेटलं जातं. पैसे कमी असणाऱ्याने तर हा क्रम पूर्ण उलटा ठेवायला हवा, कारण चुकीची खरेदी दुरुस्त करायला त्याच्याकडे दुसरे पैसे नसतात.

काम काय होतं

नौपाड्यातल्या एका अभ्यासिकेने तिला पुस्तकांच्या ६ मांडण्या सांगितल्या होत्या. प्रत्येक ६ फूट उंच, ९० सेंटिमीटर रुंद, २९ सेंटिमीटर खोल. १८ मिलिमीटरचा, आयएस ३०३ या भारतीय मानकाचा प्लाय, दोन्ही बाजूंनी ०.८ मिलिमीटरचं लॅमिनेट. प्रत्येक मांडणीत ५ कप्पे. ते नुसते खिळे-फेविकॉलवर न ठेवता बाजूच्या फळ्यांत आडव्या खाचा पाडून बसवायचे, हा तिचा आग्रह. पाठीचा ६ मिलिमीटर प्लायही खाचेत सरकवायचा. आणि प्रत्येक कप्प्याच्या पुढच्या कडेला सागाची ४० मिलिमीटर उंच पट्टी.

ही सागाची पट्टी दिखाव्यापुरती नाही. तिने घरातली एक मीटर पुस्तकं रचून वजनकाट्यावर ठेवली होती, २८ किलो भरली. म्हणजे ९० सेंटिमीटरच्या कप्प्यावर २५ किलो, तेही वर्षानुवर्षं, दिवसरात्र. कप्प्याची लांबी दुप्पट केली तर पुस्तकंही दुप्पट मावतात आणि झोळ सोळा पट वाढतो. उलट लाकूड उभं केलं की ताठरपणा उंचीच्या घनाने वाढतो. तेवढ्याच जाडीची पट्टी १८ ऐवजी ४० उभी केली तर ती जवळजवळ अकरा पट ताठर होते. एवढं गणित तिने स्वतः केलं होतं आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटलं. पट्टी कप्प्याशी एकजीव व्हावी म्हणून दोघांच्या अंगात ४ मिलिमीटरची खाच पाडायची आणि मधे ४ मिलिमीटर प्लायची चीप फेविकॉल लावून घालायची, असा बेत होता.

थोडक्यात खाचा तीन प्रकारच्या. कप्प्यांसाठी रुंद आणि उथळ, एकूण ६०. पाठीसाठी अरुंद, लांबच लांब. आणि कडेच्या अंगातली ४ मिलिमीटरची बारीक खाच, जी कप्पे आणि पट्ट्या मिळून ५४ मीटर भरत होती. हे तीन आकडे खरेदीच्या आधी एका कागदावर मांडले असते, तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

तिने घेतलं होतं ते असं. साधारण ५५० वॉटचं हातात मावणारं ट्रिमर मशीन, वेग एकच, मिनिटाला ३०,००० फेरे, सोबत १५ बिटांचा डबा, सगळं मिळून ३,२०० रुपयांत. डब्यातले निम्म्याहून जास्त बिट कडांना नक्षी देणारे होते. तिच्या कामात नक्षी कुठेच नव्हती. सरळ बिट दोन होते. त्यातल्या एकाने दहाएक खाचा पाडल्या आणि तो जळका वास सोडायला लागला. प्लायच्या थरांमधला सरस लाकडापेक्षा धारेला फार जड जातो. धारेवर बसवलेला कार्बाईडचा (अतिशय कठीण) तुकडा पातळ असला तर तो लगेच बोथट होतो, साध्या स्टीलचा बिट तर त्याहून लवकर. मग तिने जवळच्या दुकानातून "सहाचा बिट" मागून आणला. दुकानदाराने मळसूत्री बिट दिला, नवा, धारदार. त्याच बिटाने ती सहाची नऊ झालेली खाच पाडली होती.

दोन सूत आणि सहा मिलिमीटर

फळी टेबलावर आडवी होती. व्हर्नियरची खोली मोजायची दांडी खाचेत घातली. सुरुवातीला ६.०, मधे ७.१, शेवटी ९.४. खाचेचा तळ सलग उतरत गेलेला, कुठेही पायरी नाही. हात हलला असता तर तळ वर-खाली झाला असता. हा उतार एकाच दिशेचा होता, म्हणजे काहीतरी हळूहळू सरकत होतं.

बिट काढला आणि खिडकीशी उजेडात धरला. दांड्यावर, कोलेटचं (मशीनमध्ये बिटचा दांडा आवळून धरणाऱ्या चिमट्याचं) तोंड जिथे येतं तिथे, चकचकीत बारीक तिरप्या रेघा उमटल्या होत्या. दांडा व्हर्नियरने मोजला, बरोबर ६.००. मग डब्यातल्या जुन्या बिटचा दांडा मोजला, ६.३५.

आपल्याकडे सुतारकामात अजून सूत चालतं. ८ सूत म्हणजे १ इंच, म्हणून पाव इंच म्हणजे दोन सूत. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. बोलताना त्याला सगळे "सहा एमएम" म्हणून टाकतात, आणि बाजारात खरोखरचे ६ मिलिमीटर दांड्याचे बिटही मिळतात. दोन्ही डोळ्यांना सारखे दिसतात. फरक ०.३५ मिलिमीटरचा. परिघात तो १.१ मिलिमीटर होतो, आणि ६.३५ साठी बनलेल्या कोलेटला तेवढं आवळून यायचं असतं. तो येतो, पण पूर्ण लांबीभर दांड्याला चिकटून बसत नाही. तोंडाशी कडेपुरता धरतो. पान्याला हात लावून बघितलं तर नट घट्ट लागतो, म्हणून शंकाही येत नाही.

त्यात बिट मळसूत्री, भुसा वर फेकणारा. असा बिट भुसा वर ढकलताना स्वतः लाकडात खाली ओढला जातो. पकड अर्धवट, ओढ खाली. २९ सेंटिमीटरच्या खाचेत तो ३.४ मिलिमीटर उतरला. १८ च्या फळीत नऊच्या पुढे खाच म्हणजे तिथे निम्मं लाकूडच गेलं.

तिला दोन्ही दांडे हातात देऊन, डोळे मिटून फक्त बोटांनी फरक ओळखायला सांगितला. तिसऱ्या प्रयत्नात ओळखला. त्या दोन दिवसांत तिने दोष स्वतःच्या हाताला दिला होता. काम सोडून द्यावं असंही तिच्या मनात येऊन गेलं होतं, हे तिने नंतर सांगितलं. हत्यार नीट समजावून न विकल्यामुळे शिकणाऱ्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास जातो, याची मला त्या ३,२०० रुपयांपेक्षा जास्त चीड आली.

फोनवर निवडून ठेवलेला बिट

खरी धास्ती पुढेच होती. कडेतल्या ४ मिलिमीटर खाचेसाठी तिने फोनवर एक स्लॉट कटर निवडून ठेवला होता, पैसे भरायचे बाकी होते. हा बिट चकतीसारखा असतो. दांड्याच्या टोकाला तीन पंखांची चकती, खाली बेअरिंग. मशीनचा तळ फळीच्या रुंद अंगावर सपाट बसतो, बेअरिंग कडेला टेकून धावतं आणि चकती कडेच्या पोटात खाच पाडते. या कामासाठी याहून चांगला बिट नाही. सरळ बिटाने तीच खाच पाडायची तर १८ मिलिमीटरच्या कडेवर मशीन उभं तोलत ५४ मीटर चालवावं लागतं. म्हणजे बिटची निवड तिची बरोबरच होती. पण तिच्याकडच्या मशीनला तो लावला असता तर मी त्या खोलीत उभा राहिलो नसतो.

पेन्सिलने तिथेच फळीवर गणित मांडलं. चकतीचा व्यास ४७.६ मिलिमीटर, परीघ जवळपास १५० मिलिमीटर. मिनिटाला ३०,००० फेरे म्हणजे सेकंदाला ५००. चकतीच्या टोकाचा दात सेकंदाला ७५ मीटर जाणार, म्हणजे ताशी २७० किलोमीटरच्या घरात. त्याच मशीनवर ६.३५ व्यासाच्या सरळ बिटाची धार ताशी ३६ किलोमीटरने फिरते. मशीन तेच, फेरे तेच, पण दाताचा वेग साडेसात पट. ४७-४८ मिलिमीटरच्या कटरसाठी सर्वसाधारण मर्यादा १८,००० फेऱ्यांची धरतात. दात उपटून बाहेर फेकणारं बळ फेऱ्यांच्या वर्गाने वाढतं, म्हणजे १८,००० ऐवजी ३०,००० ला ते पावणेतीन पटीच्या वर. कार्बाईडचा दात चकतीला झाळून (ब्रेझिंगने) जोडलेला असतो. झाळ स्वस्तातली असेल तर तो दात कुठे जाईल याचा विचारही नको.

ती बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत होती. मग म्हणाली, "वेबसाइटवर वॉट लिहिलेत, फेरे लिहिलेत. पण कुठला बिट चालेल हे कुठेच नाही रे मामा."

हेच तर आहे. विकणारा वॉट मोठ्या अक्षरात छापतो. खाच पाडणाऱ्याने आधी बिटचा व्यास बघायचा, त्यावरून वेग ठरतो. मग दांड्याची जाडी बघायची, त्यावरून कोलेट ठरतो. वॉटचा नंबर त्यानंतर.

तीन वाटा

तिच्याकडे एकूण १२,००० रुपये होते, त्यातले ३,२०० गेले होते. दुकानदार वापरलेलं मशीन परत घेणार नव्हता. उरले ८,८००.

पहिली वाट, आहे त्याच मशीनवर चांगले सरळ बिट घेऊन निभावणं. आडव्या खाचा आणि पाठीची खाच यात नक्की झाल्या असत्या. कडेची खाच सोडून पट्टी नुसती चिकटवावी लागली असती. नीट आवळून चिकटवलेली पट्टीही टिकते, हे मी तिला प्रामाणिकपणे सांगितलं. पण ३० पट्ट्या एकटीने चिकटवताना फेविकॉलवर पट्टी घसरते, वर-खाली होते, आणि नंतर रंधा मारून समपातळी करायला जावं तर शेजारी लॅमिनेट. मधली चीप पट्टीला जागेवर धरते, तिचं मुख्य काम तेच.

दुसरी वाट, १२ मिलिमीटर कोलेटचा मोठा प्लंज राऊटर, म्हणजे वरून दाबून बिट लाकडात उतरवायचं मशीन. १,६०० ते १,८५० वॉट, ताकद भरपूर, दांडा जाड, आणि आपल्याकडच्या साध्या फर्निचर कारखान्यांत हाच दिसतो. तिच्या बजेटमध्ये बसणारे होतेही. मी याला तीन कारणांनी नको म्हटलं. त्या किमतीतल्या मशीनांचा वेगही एकच, २२,००० च्या आसपास, म्हणजे चकतीसाठी तरीही जास्त. वजन ५-६ किलो, आणि कडेवर अर्धंअधिक बाहेर लटकणारं मशीन समतोल धरायला नवख्या माणसाला जड जातं. तिसरं म्हणजे तिच्या खोलीत ६ अँपिअरचा एकच बोर्ड. १,८५० वॉट म्हणजे २३० व्होल्टवर ८ अँपिअर. नवी वायर ओढायची तर खर्च वेगळा, आणि घरमालकाची परवानगी वेगळी.

तिसरी वाट, वेग बदलता येणारा ७०० वॉटच्या आसपासचा ट्रिमर. दोन ओळखीची मशीनं उदाहरणादाखल सांगतो म्हणजे फरक कळेल. बॉशचं जीकेएफ ५५० हे ५५० वॉटचं, ठरलेल्या ३३,००० फेऱ्यांचं. मकिताचं आरटी०७०० हे ७१० वॉटचं, चकरी फिरवून १०,००० ते ३०,००० मधला वेग देणारं. पहिलं लॅमिनेट ट्रिम करायला हलकं आणि झकास. दुसऱ्यावर मोठ्या व्यासाचा कटर चालवता येतो, कारण वेग खाली आणता येतो. दुसऱ्या जातीचं, पण बजेटमध्ये बसणारं मशीन शोधायचं असं ठरलं. जुनं मशीन वाया जाणार नव्हतं. लॅमिनेटच्या कडा मारणं हे त्याचं मूळ काम, आणि ६ मांडण्यांत ते भरपूर होतं.

आणखी एक कारण होतं आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. तिची खोली माथाडी कामगारांच्या वसाहतीत, तळमजल्यावर. वरचे भाऊ वाशीच्या मार्केटला रात्रपाळीने गाड्या खाली करतात, पहाटे येतात आणि दुपारी चारपर्यंत झोपतात. ३०,००० फेऱ्यांवर या मशीनचा सूर कानात सुईसारखा जातो. १८,००० वर आवाज भरड होतो, भिंतीपलीकडे बराच कमी टोचतो. तिने त्यांच्या घरी जाऊन विचारलं आणि साडेचार ते साडेसात ही वेळ ठरवून घेतली. ५४ मीटरची खाच त्याच वेळात बसवायची होती.

नागदेवीतली दुपार

नागदेवी स्ट्रीटला आम्ही दोघं मिळून गेलो. मस्जिद स्टेशनला उतरून चालत. हत्यार हातात घेऊन, फिरवून बघायचं असेल तर ऑनलाइनपेक्षा मला अजून तोच बाजार बरा वाटतो.

तिसऱ्या दुकानात हवं तसं मशीन मिळालं. ७०० वॉट, सहा टप्प्यांची वेगाची चकरी, डब्यात ६.३५ आणि ८ मिलिमीटर असे दोन कोलेट, किंमत ५,४००. मी आधी कोलेट बाहेर काढायला लावला. काही स्वस्त मशीनांत वेगळा कोलेट नसतोच, शाफ्टच्या तोंडालाच चार चिरा पाडलेल्या असतात आणि नट तेच तोंड आवळतो. ते झिजलं की शाफ्टच बदलावा लागतो. इथे कोलेट सुटा होता, चिरा बारीक आणि एकसारख्या.

मग पिशवीतून डायल गेज काढला. ८ मिलिमीटर दांड्याचा नवा बिट कोलेटमध्ये घट्ट केला, गेजची सुई दांड्याला टेकवली आणि मशीन बंद ठेवून शाफ्ट हाताने फिरवला. सुई ०.१६ मिलिमीटर हलली. दुकानदाराला त्याच कंपनीचं दुसरं मशीन काढायला सांगितलं. तो थोडा वैतागला, पण काढलं. त्यावर सुई हलली ०.०४. एकाच कंपनीची एकाच किमतीची दोन मशीनं, आणि थरथर चौपट. ०.१६ वाल्याने खाच रुंद पाडली असती, धार एकाच बाजूने झिजली असती, बेअरिंग लवकर गेलं असतं. डायल गेज सगळ्यांकडे नसतो हे खरं. त्याच्याशिवाय करायचं तर दांड्याशेजारी सुईचं टोक रोवायचं, शाफ्ट हाताने सावकाश फिरवायचा आणि मधली उजेडाची फट कमी-जास्त होते का ते बघायचं. एवढी थरथर डोळ्यालाही दिसते.

बाकी तपासणी पटकन उरकली. बेसची पकड आवळल्यावर दाबून पाहिली, सरकत नव्हती. कार्बन ब्रशचे सुटे जोड दुकानात होते, एक जोड सोबत घेतला, त्याचे त्याने पैसे लावले नाहीत.

बिटवर मात्र आम्ही मशीनपेक्षा जास्त वेळ घालवला. डबा घेतला नाही. तीनच बिट, एकेक निवडून. पहिला, दोन धारांचा १२.७ व्यासाचा सरळ बिट, वरच्या अंगाला बेअरिंग असलेला. दुसरा, ६.३५ चा सरळ बिट, पाठीच्या खाचेसाठी. तिसरा, ४ मिलिमीटरचा तीन पंखी स्लॉट कटर, पण दांडा ८ मिलिमीटर. ६.३५ पेक्षा ८ चा दांडा वाकायला अडीच पट ताठर असतो, कारण ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. कटरबरोबर २८ आणि ३५ व्यासाची बेअरिंगं घेतली. कार्बाईडचा तुकडा नखाने चाचपून पाहायचा, जाड हवा, म्हणजे पुन्हा धार लावता येते. झाळीत कुठे पोकळी दिसता कामा नये. आणि चकतीवर कमाल फेरे कोरलेले हवेत. ज्या चकतीवर तो आकडा नव्हता ती आम्ही ठेवून दिली.

पहिल्या बिटचे ६५०, दुसऱ्याचे ३५०, कटर आणि बेअरिंगं १,१५०. डोळ्यांचा चष्मा, कानाला मफ आणि धुळीचा मास्क ७००. मशीन धरून ८,२५०. उरलेल्या ५५० मध्ये प्रवास आणि मस्जिद बंदरातलं जेवण झालं.

खाचा कशा पडल्या

बाजारात १८ चा म्हणून मिळणारा प्लाय तिच्याकडे १७.४ भरत होता. लॅमिनेट आणि सरस धरून कप्प्याची जाडी १९.१ झाली. कुठल्याही बिटचा व्यास १९.१ नसतो. पाठीचा ६ चा प्लाय एका बाजूच्या लॅमिनेटसह ६.९. पॅटर्न शॉपमध्ये आम्हाला पहिल्या वर्षी हेच शिकवलं होतं की लेबलवरच्या मापावर काम करायचं नाही. ओतलेलं बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून आमची पट्टीच वेगळी, तेवढी वाढवून आखलेली असायची. प्लायलाही तोच न्याय.

म्हणून आडव्या खाचांसाठी जिग, म्हणजे मशीनला वाट दाखवणारी चौकट, केली. प्लायच्या दोन सरळ पट्ट्या, मधे कप्प्याचाच एक तुकडा उभा धरून दोन्ही पट्ट्या त्याला चिकटतील अशा आवळल्या, गुण्याने काटकोन पाहिला, तुकडा काढून घेतला. मधे जी फट उरली ती नेमकी कप्प्याएवढी. मशीन पट्ट्यांवर बसतं, बिटचं बेअरिंग पट्टीच्या कडेला घासत जातं. जाताना डावी पट्टी, येताना उजवी. वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या दिशेने फिरतो, आणि या दिशेने गेलं की तो पट्टीला चिकटून राहतो. उलट गेलं तर पळायला बघतो. बाहेरच्या कडेवर मशीन चालवताना हीच दिशा उलटी होते, घड्याळाच्या विरुद्ध. हे तिने भिंतीवर खडूने बाण काढून लिहून ठेवलं आहे.

खोली ६ मिलिमीटर, पण दोन हातांत, तीन-तीन मिलिमीटर. दांडा कोलेटमध्ये पूर्ण घालून मग दोनेक मिलिमीटर वर ओढून घट्ट करायचा. तळाला टेकलेला दांडा गरम झाला की कोलेटची पकड ढिली होते. पहिल्या सहा फळ्यांत खाच जिथे बाहेर निघते तिथे लॅमिनेटचा टवका उडाला. पलीकडे भंगार प्लायचा तुकडा आवळून धरल्यावर ते थांबलं.

पाठीच्या खाचेला ६.३५ च्या बिटाने एक हात मारला आणि मार्गदर्शक पट्टी जरा सरकवून दुसरा, रुंदी ७.३ झाली. ६.९ च्या पाठीला ०.४ ची मोकळीक. तिला ती सैल वाटत होती. मी आग्रहाने ठेवायला लावली, कारण ठाण्या-नवी मुंबईतल्या पावसाळ्यात प्लाय फुगतो आणि घट्ट बसवलेली पाठ खाचेच्या कडा उचकटते.

कडेच्या खाचेच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. वेगाची चकरी तिसऱ्या टप्प्यावर, डब्यावरच्या तक्त्याप्रमाणे १८,००० च्या जरा खाली. या छोट्या मशीनच्या बेसमधून ४७.६ ची चकती आत जात नाही, ती बेसच्या खालीच उघडी राहते. म्हणून बेस आधी फळीवर सपाट टेकवायचा, चकती कडेपासून दूर हवेत, दोन्ही हातांची पकड, मग बटण. वेग पूर्ण आल्यावर सावकाश आत. पहिला हात ३५ च्या बेअरिंगने, खाच ६.३ खोल. मग २८ चं बेअरिंग, खाच ९.८. एकदम दहा मिलिमीटर घ्यायला गेलं तर ७०० वॉटचं मशीन गुदमरतं.

सागाच्या पट्ट्यांची खाचही त्याच उंचीवर, मशीनची सेटिंग न हलवता. पट्टीच्या मागे तेवढ्याच उंचीचा जाड ठोकळा लावला म्हणजे बेसला बसायला जागा मिळाली. कप्प्याची खाच वरच्या पृष्ठापासून मोजलेली, पट्टीचीही वरच्या कडेपासून. त्यामुळे दोन्ही जुळवल्या की वरचं अंग आपोआप समपातळीत. मधे १९ मिलिमीटर रुंदीची प्लायची चीप, सरसाला दोन्हीकडे ०.३ मिलिमीटर जागा सोडून. पहिली पट्टी बसवली तेव्हा तिने जोडावरून अंगठ्याचं नख फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं, आणि मग माझा अंगठा धरून त्या जोडावरून फिरवला. कुठे लागलं नाही.

पाच संध्याकाळींत ५४ मीटर झाले. तिसऱ्या संध्याकाळी साग जळल्याचे काळे पट्टे यायला लागले. बिट बोथट झाला असं तिला वाटलं. चकतीच्या दातांवर सागाचा तेलकट राळ चिकटला होता. केरोसीनच्या फडक्याने पुसल्यावर पट्टे गेले.

मांडण्या जानेवारीत नौपाड्याला पोहोचल्या. ६० आडव्या खाचांपैकी ५७ पहिल्याच बैठकीत बसल्या. तीन घट्ट झाल्या, त्या कप्प्यांच्या टोकांना कानस मारून बसवल्या. जुलैत मी पुस्तक परत करायला तिकडे गेलो तेव्हा सहाही मांडण्यांच्या पाठी दाबून पाहिल्या. ती ०.४ ची फट पूर्ण भरली होती. पाठ हलत नव्हती, खाचेची कडा कुठे उचकटली नव्हती. मधल्या कप्प्यावर दोरा ताणून झोळ मोजला, ९० सेंटिमीटरात एक मिलिमीटरही नव्हता.

ती सहा-ते-नऊची फळी तिने टाकली नाही. घणसोलीच्या खोलीत दाराशेजारी टांगली आहे, दोन खिळ्यांवर, आणि तिच्या खाचेत ६.०० आणि ६.३५ चे दोन्ही दांडे शेजारी शेजारी अडकवून ठेवलेत. शिकायला येणारी दोन मुलं आहेत आता. पहिल्या दिवशी ती त्यांना डोळे मिटून ते दोन दांडे ओळखायला लावते.